संगणक-खेळांची रचना : आरंभीचे वाचन

संगणकावरील खेळ रचू पाहणारा विद्यार्थी बहुधा आज्ञावलीच्या पुस्तकापासून आरंभ करतो आणि तेथेच अडतो. त्याने प्रथम ट्रेसी फुलर्टन यांचे ‘गेम डिझाइन वर्कशॉप’ हाती घ्यावे. कागद व सोंगट्या घेऊन खेळाचा कच्चा नमुना मांडावा, तो इतरांकडून खेळवून घ्यावा, नियम बदलून पुन्हा खेळवावा, अशी त्यातील पद्धती. घरी संगणक नसलेल्यालाही ती साधते. जेसी शेल यांचा २००८ चा ग्रंथ शंभर दृष्टींनी खेळ तपासावयास शिकवितो. तो सलग वाचण्याचा नव्हे. रॉबर्ट निस्ट्रम यांचे ‘गेम प्रोग्रॅमिंग पॅटर्न्स’ महाजालावर विनामूल्य वाचता येते, परंतु उदाहरणे सी प्लस प्लस भाषेतील असल्याने ते नंतरच घ्यावे. तिन्ही ग्रंथ इंग्रजी. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी गटाने बसावे, एकाने प्रकरण वाचून इतरांस मराठीत सांगावे.