ऐकू येते, पण समजत नाही
(गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेले भाषण)



रेल्वेच्या सिग्नल खात्यातला माणूस कानांविषयी काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण विषय माझ्या घरचा आहे.

धाकटा चिरंजीव आठ वर्षांचा होता. मिक्सर चालू असताना आई म्हणायची, "वाटी आण", आणि हा काठी घेऊन यायचा. आम्ही हसायचो. शाळेतून मात्र तक्रारी येत: लक्ष नसते, सांगितलेले अर्धेच करतो. बाई म्हणाल्या, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खेळायला तमिळ, गोंधळ होणारच. मलाही ते पटले आणि मी त्याला रागावत राहिलो. थोरली मुलगी त्याच तीन भाषांत वाढली, तिचे काही अडले नाही, हे तेव्हा सुचलेच नाही.

कान तपासले, ऑडिओग्राम नॉर्मल! म्हणजे केबल ठीक, घोटाळा रिले रूममध्ये. आवाज पोचतो, पण गोंगाटातून शब्द वेगळा काढणे, सारखे आवाज ओळखणे मेंदूला जड जाते. याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर म्हणतात. चंचलपणा किंवा वाचनातली अडचण यांचीही लक्षणे अशीच दिसतात, म्हणून घरच्या घरी निदान करू नये. ऑडिओलॉजिस्टकडेच जावे. साधारण सात वर्षांच्या आत पक्के निदान सहसा करत नाहीत.

शब्दांच्या चाचण्या मुलाला नीट येणाऱ्या भाषेत व्हाव्या लागतात. परप्रांतात आपली अडचण इथेच होते. मुंबईला जाणाऱ्यांनी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करावी. इथून जवळ म्हणजे म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, 1965 सालची. शिक्षकांनी भरायची एक छोटी प्रश्नावलीही तिथे तयार झाली आहे.

2016 च्या दिव्यांग कायद्यात या दोषाचे नाव वेगळे नाही. सोबत अध्ययन अक्षमता आढळली, तर तिचा दाखला मिळतो आणि परीक्षेत जादा वेळ मागता येतो. बाकी शाळेकडे मागायचे ते बिनखर्चाचे: पहिला बाक, पंख्या-खिडकीपासून दूर, आणि गृहपाठ फळ्यावर लिहून. बाईंजवळ माईक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर, अशी यंत्रणाही मिळते. ती मात्र महाग.

घरी आम्ही रेल्वेचा नियम लावला. फाटक बंद झाले हे गेटमनच्या नुसत्या "हो"वर मास्तर मानत नाही, प्रायव्हेट नंबर घेतो. तसे "समजले का?" विचारणे आम्ही सोडले, मुलगा "हो"च म्हणतो. आधी नावाने हाक मारायची, थोडक्यात सांगायचे, मग "काय सांगितले?" विचारायचे.

म्हैसूरच्या खेपेबद्दल कुणाला विचारायचे असेल, तर आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलापाशी आहे.