आकड्यामागची साक्ष

वैद्यकीय नियतकालिकातला एखादा लेख उघडून पाहा. वाक्यावाक्याच्या शेवटी बारीक आकडे दिसतील, कधी कंसात, कधी अक्षरांच्या डोक्यावर. आपण ते ओलांडून पुढे जातो. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. डॉक्टरांशी माझा संबंध बहुधा रुग्ण म्हणूनच येतो. पण माझी भाची एम.डी. करत होती, तेव्हा तिने आपल्या लेखाची संदर्भसूची माझ्यापुढे ठेवली. "मामू, तुमची नजर मुद्रितशोधनाची आहे. फक्त स्वल्पविराम आणि पूर्णविराम बघा," म्हणाली. त्या निमित्ताने या आकड्यांची ओळख झाली.

त्यांना एक इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ लिहिण्याची तऱ्हा वेगळी. एकाने लेख नाकारला की दुसऱ्याकडे पाठवताना सगळी सूची टंकयंत्रावर नव्याने बडवायची. या कटकटीला कंटाळून काही संपादक १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले आणि त्यांनी एकच पद्धत ठरवली. ती १९७९ मध्ये छापली गेली. आज तिला 'व्हँकुव्हर पद्धत' म्हणतात. लेखात जो संदर्भ आधी येईल त्याला पहिला क्रमांक. तोच पुन्हा आला तर क्रमांकही तोच. शेवटच्या यादीत आधी लेखकाचं आडनाव, मग नावाची आद्याक्षरं, लेखाचं शीर्षक, नियतकालिकाचं ठरलेलं संक्षिप्त नाव, साल, खंड आणि पान. थोडक्यात, हा पत्ता आहे. जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात बसलेल्या माणसाला त्या पानापर्यंत पोचता आलं पाहिजे.

या पत्त्यात आपल्याकडच्या नावांची मात्र गंमत होते. 'शेख एम' असं लिहिलं तर तो मुश्ताक, मुनीर की मेहरुन्निसा? 'पाटील एस' म्हटलं तर अर्धा जिल्हा उभा राहील. इंग्रजीत मोहंमदचं 'एमडी' केलं की ते नाव आहे की डॉक्टरची पदवी, हेही कळत नाही. म्हणून २०१२ पासून संशोधकांना सोळा अंकी 'ऑर्किड' क्रमांक मिळू लागला. माणूस नावाने हरवू नये, म्हणून ही सोय.

तर मी ठिपके तपासत होतो. सतरावा संदर्भ बिनचूक होता. सहज विचारलं, "हा लेख काय म्हणतो गं?" ती थांबली. म्हणाली, "मामू, मूळ लेख नाही वाचला. दुसऱ्या लेखात हा संदर्भ होता, तिथून घेतला. सगळेच देतात." त्या रात्री तिने मूळ लेख शोधून वाचला. तो प्रौढ रुग्णांबद्दल होता, आणि हिचा अभ्यास लहान मुलांवर. सतरावा संदर्भ गेला, पुढचे सगळे आकडे एकेक पायरी खाली आले. संगणकाने ते काम क्षणात केलं. वाचण्याचं काम मात्र तिलाच करावं लागलं.

'सगळेच देतात' या दोन शब्दांची किंमत किती असू शकते, याचं एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक यांचं एक पत्र छापून आलं. जेमतेम पाच वाक्यांचं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक औषध किमान एकदा दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांत व्यसन लागल्याची नीट नोंद सापडली. एवढंच. हे रुग्णालयातल्या देखरेखीखालचे रुग्ण. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्रात अक्षर नव्हतं.

पण पुढे या पत्राचा संदर्भ देऊन 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' असं लिहिलं जाऊ लागलं. एकाचं वाचून दुसऱ्याने, दुसऱ्याचं वाचून तिसऱ्याने लिहिलं. आडनाव, साल, खंड ३०२, पान १२३, सगळं ठाकठीक. त्या घरी जाऊन दार वाजवणारे थोडे. १९९० च्या दशकात अमेरिकेत या गोळ्यांचा सुळसुळाट झाला. गोळ्या, हेरॉइन आणि फेंटानिल मिळून अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने १९९९ ते २०२१ या काळात तिथे पाच लाखांहून अधिक माणसं दगावली. एवढ्या मोठ्या अनर्थाचा दोष एका पत्राच्या माथी मारता येणार नाही. औषध कंपन्यांचा प्रचार होता, इतरही कारणं होती. पण त्या प्रचाराला विद्वत्तेचा शिक्का या पत्रामुळे मिळाला.

२०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचा माग काढला. ६०८ ठिकाणी त्याचा संदर्भ सापडला. त्यांपैकी ४३९ लेखकांनी ते 'व्यसन क्वचित लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, एवढी साधी गोष्ट ४९१ जणांनी सांगितलीच नव्हती. मग त्या नियतकालिकाने मूळ पत्रावर वाचकांना सावध करणारी टीप चिकटवली. हा माग काढता आला तो त्याच रटाळ ठिपक्यांमुळे, हेही विसरू नये. प्रत्येकाने पत्ता नीट लिहिला होता, म्हणूनच कोण कोण न वाचता पुढे गेलं ते समजलं.

मी मुसलमान घरात वाढलो, त्यामुळे ही चिंता मला नवी वाटत नाही. हदीस सांगताना आधी साखळी सांगतात, अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने त्याच्याकडून. तिला इस्नाद म्हणतात. नवव्या शतकात इमाम बुखारींसारख्या संग्राहकांनी नुसती नावं मोजली नाहीत. ही दोन माणसं कधी भेटली होती का, सांगणारा सचोटीचा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हे तपासलं. मराठीतही तेच आहे. शेवटी तुकोबांची नाममुद्रा आहे एवढ्यावर अभंग त्यांचा ठरत नाही. मागाहून कुणी रचून त्यात घातलेले अभंग अभ्यासक वेगळे काढतातच.

आज तर ही काळजी आणखी वाढली आहे. संगणकाला सांगितलं की तो संदर्भांची यादी लिहून देतो. ठिपके जागच्या जागी, लेखकांची नावं खरी वाटणारी, आणि कधीकधी असा लेख जगात कुठे छापलेलाच नसतो. पत्ता झकास, घरच नाही.

तरुण डॉक्टरांना माझं एवढंच सांगणं आहे, की तो आकडा टाकणं ही साक्ष आहे. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष आपण कोर्टात देत नाही, मग कागदावर का द्यावी? आणि आपण जे डॉक्टर नाही, त्यांच्याही हाती रोज मोबाइलवर 'संशोधनात सिद्ध झालं आहे' असे निरोप येतात. पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला विचारावं: कुणाचं संशोधन, कुठे छापलं, आणि बाबा रे, तू ते वाचलंस का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)