तार शाबूत, तरीही गाडी बंद
(चिखली येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणातील भाग)



आपण आज ज्या चिखलीत जमलो आहोत, ते गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. परंतु मोटारींशी त्याचा संबंध त्याहून जुना आहे. १९६० च्या दशकात टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना या भागात आला आणि शेतकऱ्यांच्या मुलांच्या हाती पाने आले. त्या काळच्या ट्रकचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची फारशी गरज उरत नसे. आता तसे राहिले नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली, आणि नव्या इंजिनातील इंधनाचा थेंब न् थेंब नियंत्रक पेटी मोजून सोडू लागली. त्या पेटीला सर्व वार्ता आणून देते ते तारांचे जुडगे, म्हणजे हार्नेस. घोड्याच्या साजाला इंग्रजीत जो शब्द आहे तोच येथे आला आहे. साज सैल झाला तर घोड्याचा दोष नसतो, हे टांगेवाल्यांना ठाऊक होते.

गॅरेजमध्ये मात्र नेमके उलटे घडते. गाडी बंद पडली की पेटी बिघडली असे ठरते आणि ती बदलली जाते. गाडी आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो वा ग्रामपंचायतीचा टँकर, खर्च लोकांच्याच पैशातून होतो. आणि पुष्कळदा दोष तसाच राहतो, कारण तो गंजलेल्या एका जोडात असतो.

येथे मल्टिमीटर उपयोगी पडतो. पण तो कसा वापरावा हे शिकवले गेले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक जण तार सुटी करून 'बीप' वाजते का एवढेच पाहतात. वीस धाग्यांच्या तारेतील एकोणीस धागे तुटले असले तरी उरलेल्या एका धाग्यावर बीप वाजते! तार शाबूत ठरते, गाडी मात्र चालत नाही. बारा व्होल्टचा साठ वॅटचा दिवा पाच अँपिअर प्रवाह घेतो. त्याचा रोध २.४ ओहम. जोडात गंजामुळे अवघा अर्धा ओहम भरला, तर दिव्याला दहा व्होल्टही मिळत नाहीत. हा अर्धा ओहम मीटरच्या स्वतःच्या वायरींच्या रोधात सहज हरवून जातो.

म्हणून तपासणी प्रवाह वाहत असताना करावी. दिवा चालू ठेवावा, मीटर डी. सी. व्होल्टवर लावावा, लाल टोक बॅटरीच्या धन बाजूस आणि काळे टोक दिव्याच्या धन बाजूस टेकवावे. जो आकडा दिसेल तेवढा दाब वाटेत खर्ची पडला. एक-दोन दशांश व्होल्ट चालतील. दोन व्होल्ट दिसले तर एकेक कनेक्टर मागे येत जावे, आकडा जेथे एकदम घटेल त्याच्या पुढच्या तुकड्यात दोष आहे. मग अर्थची बाजू अशीच पाहावी. पावसाळ्यानंतर निम्मी दुखणी तेथेच सापडतात, असे मेस्त्री सांगतात, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

रोध मोजताना मात्र बॅटरी सोडवलेली असावी. पेट्यांना परस्परांशी जोडणाऱ्या कॅन तारांच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोधक असतात. त्यामुळे दोन तारांमध्ये ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले, तर एक टोक तुटले आहे. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना मीटर लावू नये. तारेचे आवरण सुईने टोचू नये. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि पुढच्या वर्षीचा दोष आजच तयार होतो.

शिक्षकांना एवढेच सुचवतो की भंगारात निघालेला एखादा हार्नेस वर्गात आणावा, त्यातील एका तारेचे बहुतेक धागे कापावेत, आणि मुलांना आधी बीप ऐकवावी, मग दिवा जोडून पाहू द्यावा.