प्रवासवर्णनाचा घरखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी ज्या श्रमिकाविषयी बोलणार आहे, त्याला श्रमिक म्हटलेले स्वतःलाही फारसे रुचत नाही. नियतकालिकांना प्रवासलेख देऊन त्यावर संसार चालवू पाहणारा मुक्त लेखक, हा तो श्रमिक. त्यातील ‘मुक्त’ हे विशेषण तेवढे तपासून घेतले पाहिजे.

मराठीतील एक अत्यंत गाजलेले प्रवासकथन, विष्णुभट गोडशांचे ‘माझा प्रवास’, घरच्या कर्जापोटी जन्मले. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला तो देशाटनाच्या हौसेने नव्हे. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, असा सरळ हिशेब होता. वाट्यास आली बंडाची धामधूम आणि लुटालूट. पुस्तक छापले गेले १९०७ मध्ये!

पुढे ही लेखनपरंपरा बव्हंशी अन्य उत्पन्न असणाऱ्यांनी चालविली. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, मीना प्रभू डॉक्टर. त्यामुळे त्यांच्या लेखनाचे मोल उणावत नाही. परंतु वाण्याचे बिल मानधनातूनच भागले पाहिजे, अशी सक्ती त्यांच्या लेखणीवर नव्हती.

ज्याच्यावर ती आहे, त्याची मजुरी नगावरची आहे. अशा मजुरीत देखरेख करावी लागत नाही, मजूरच आपला दिवस लांबवतो, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखवून दिले आहे. येथे मोजले जाते ते छापलेले पान. रेल्वेचे भाडे, धर्मशाळेचे पैसे, वाया गेलेला दिवस हे सारे लेखकाच्या खात्यावर. दिवाळी अंकाचा लेख श्रावणात लिहायचा, मानधन संक्रांतीच्या सुमारास, तेही दोनदा आठवण केल्यावर. मुलांची फी मात्र जूनमध्येच भरावी लागते. एकटा लेखक आडहंगामात स्वस्तात हिंडू शकतो. मुलांना बरोबर न्यायचे तर शाळेच्या सुट्टीतच निघावे लागते, आणि नेमका तेव्हाच खोल्यांचा भाव चढलेला असतो.

मुलांना घरी ठेवले तर? घरात बिनमोल केलेले काम राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पुरुष लेखक आठ दिवस बाहेर असतो, तेव्हा मुलाचा ताप आणि डबा पत्नी सांभाळते. पुष्कळदा तिचा पगारच घर चालवतो. लेखिकेला आधी सासूची मनधरणी करावी लागते. माझी एक विद्यार्थिनी मूल झाल्यावर दोन वर्षे तालुक्याबाहेर पडली नाही. संध्याकाळी परतता येईल अशा आठवडी बाजारांवर आणि एस.टी. स्थानकांवर तिने लिहिले. ते तिचे सर्वोत्तम लेख आहेत. म्हणून त्या सक्तीला संधी म्हणण्याची चलाखी मी करणार नाही.

कायदा तिला ओळखत नाही. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने संरक्षण दिले ते वृत्तपत्रात नोकरीस असलेल्यांना. २०१७ साली मातृत्वरजा २६ आठवड्यांची झाली, तीही आस्थापनेतील कर्मचारी स्त्रीची. २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने गिग कामगारांची दखल घेतली खरी. पण त्यांच्या निधीसाठी अंशदान मागितले ते मोबाइलवरून काम वाटणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांकडून. मासिकाच्या संपादकाकडे थेट लेख पाठविणारी स्त्री या चौकटीत कोठे बसणार?

ही केवळ एका पेशाची तक्रार असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. मानधन अपुरे पडले की हॉटेलवाले आणि सहलकंपन्या पुढे होतात. तिकीट, खोली, भोजन फुकट. मुलांनाही आणा म्हणतात. दोन मुलांच्या बापाने ते नाकारावे कसे? पण मग त्या हॉटेलच्या तरणतलावाचे पाणी कोणत्या गावाच्या विहिरीतून येते, खोली झाडणाऱ्या पोराला काय मिळते, हे लिहिणार कोण? वाचक प्रवासवर्णन समजून जाहिरात वाचतो.

आपल्या साप्ताहिकाचे संपादक समोर बसले आहेत. लेख स्वीकारताच मानधन द्यावे, प्रवासखर्च निराळा द्यावा, मागवलेला लेख छापला नाही तर निम्मी रक्कम द्यावी, असा ठराव मी पुढील बैठकीत मांडणार आहे. साप्ताहिकाची शिल्लक किती, हे मला ठाऊक आहे. खजिनदारांनी तेव्हा हिशेबाची वही बरोबर आणावी.