सगळे पार्ट बदलले, तरी गाडी तीच? बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’ची गोष्ट

तुम्ही लोकलमध्ये असा, जिममध्ये असा नाहीतर भांडी घासत ऐकत असा, आज एका जुन्या गाडीची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात एका प्रश्नाने करू. गाडीचं इंजिन बदललं, चासी बदलली, बॉडी बदलली. मग ती गाडी तीच राहते का?

चहाच्या टपरीवर यावर तासभर वाद घालता येईल. पण १९९० साली लंडनच्या हायकोर्टात हाच प्रश्न न्यायाधीशांसमोर आला होता आणि त्यावर १ कोटी पौंडांचा सौदा अडकला होता. गाडी होती बेंटली स्पीड सिक्स. तिचं लाडकं नाव ‘ओल्ड नंबर वन’.

आधी कंपनीची गोष्ट, थोडक्यात. वॉल्टर ओवेन बेंटली, सगळे त्यांना ‘डब्ल्यू. ओ.’ म्हणायचे. ते रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून तयार झालेले इंजिनीअर. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानांची इंजिनं बनवली आणि १९१९ मध्ये स्वतःची मोटार कंपनी काढली. कारखाना लंडनच्या क्रिकलवुड भागात. गंमत म्हणजे कंपनी विकायची ती फक्त चासी, इंजिन आणि चाकं. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. चासीवर पाच वर्षांची गॅरंटी! म्हणजे बॉडी ही बदलायची वस्तू आहे, हे या गाड्यांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासूनच ठरलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाड्या दणकट, पण कंपनीकडे पैशांची कायम चणचण. १९२६ मध्ये वूल्फ बार्नाटो यांनी पैसा ओतून कंपनी ताब्यात घेतली. हा पैसा कुठला? दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांचा, वडिलांकडून आलेला. पण हा मालक नुसता ऑफिसात बसणारा नव्हता, स्वतः शर्यतीत उतरायचा. फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत त्याने तीनदा लढवली आणि तिन्ही वेळा जिंकला. १९२८, १९२९ आणि १९३०.

यातल्या शेवटच्या दोन वर्षी त्याच्या हाताखाली जी गाडी होती, तीच आपली ‘ओल्ड नंबर वन’. साडेसहा लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. १९२९ मध्ये तर पहिले चारही नंबर बेंटलीचे आले.

एवढं होऊनही १९३१ मध्ये कंपनी बुडाली. जागतिक मंदीत इतक्या महागड्या गाड्या घेणार कोण? लिलावात एका अनोळखी ट्रस्टने बोली जिंकली. नंतर कळलं, पडद्यामागे होती रोल्स रॉइस, म्हणजे थेट प्रतिस्पर्धी!

आपल्या गाडीचं काय झालं? तिला ८ लिटरचं इंजिन बसवून १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरवलं. तिथे उतरत्या भिंतीसारख्या ट्रॅकच्या वरच्या कडेवरून गाडी बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी जागीच गेला. बार्नाटोने ती मोडलेली गाडी पुन्हा बांधून घेतली, या वेळी बंद छपराची कूपे म्हणून.

आता थेट १९९० मध्ये येऊ. गाडीच्या तेव्हाच्या मालकाने ती १ कोटी पौंडांना विकायचा करार केला. पण खरेदीदार कंपनी अडून बसली. म्हणणं असं, की ल माँ जिंकलेली ती गाडी ही नाहीच, आम्ही पैसे देणार नाही.

कोर्टात एकेक भाग तपासला गेला. १९२९ च्या गाडीचं खात्रीने दाखवता येईल असं जवळपास काहीच उरलं नव्हतं. १९३० चे थोडेच भाग. १९३२ च्या रूपातलं मात्र बरंच काही होतं. ऐकून वाटेल, मालक हरला. पण न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. तर्क साधारण असा होता: ही गाडी कधी नाहीशी होऊन नंतर सुट्या भागांतून उभी केलेली नाही. शर्यतीसाठी दुरुस्ती झाली, इंजिन बदललं, अपघातानंतर पुन्हा बांधली गेली, पण प्रत्येक टप्प्यावर ती एकच गाडी म्हणून जगत राहिली. तिला ‘जशीच्या तशी मूळ’ म्हणता येणार नाही, पण ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव तिचंच.

मला हा निकाल पटतो. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो, दगड बदलतात, कळस नवा येतो, पण आपण त्याला नवं देऊळ म्हणत नाही.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण. बेंटली आज फोक्सवॅगन समूहाची आहे. गेल्या काही वर्षांत या कंपनीने १९२९ ची ‘ब्लोअर’ आणि मग स्पीड सिक्स, या गाड्या जुन्या बरहुकूम नव्याने बनवायला घेतल्या, प्रत्येकी मोजक्या १२. हातकाम अप्रतिम. भाग न् भाग जुन्या गाडीशी जुळणारा. पण त्यांनी ल माँ पाहिलेलं नाही. एकीकडे भाग बरोबर पण भूतकाळ नाही. दुसरीकडे भूतकाळ आहे पण भाग गेले. कोर्टाने वजन दिलं ते भूतकाळाला.

मग तुमच्या-माझ्या कामाचं यात काय? ‘फुल रिस्टोअर्ड’ म्हणून जुनी बुलेट, जावा किंवा स्कूटर घ्यायला निघालात, तर चकचकीत पेंट बघून भुलू नका. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवून बघा. इंजिन बदललं असेल तर आरसीवर तशी नोंद हवी. काय बदललं, कधी बदललं, त्याची बिलं आणि कामाआधीचे फोटो मागा. बदललेला पार्ट हा दोष नाही. लपवलेला पार्ट हा दोष आहे.

आणि आजोबांची गाडी तुम्ही स्वतः दुरुस्त करत असाल, तर काढलेला प्रत्येक भाग फेकण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्या, तारीख लिहा, बिल जपून ठेवा. गंज आलेला पत्रा जाईल, पण त्याची नोंद राहिली तर गाडी आजोबांचीच राहील.

तुमच्या घरी अशी एखादी गाडी उभी आहे का? तिचं काय काय बदललंय? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हेल्मेट घाला!