आता सोडून काय उपयोग?



निपाणीत तंबाखूवर बोलायचे म्हणजे घरच्या भाकरीवर बोलणे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी या भागातले शेतकरी हमरस्त्यावर बसले, पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले. तंबाखू पिकवणाऱ्यांशी किंवा विड्या वळणाऱ्या मायबहिणींशी माझे भांडण नाही. मला बोलायचे आहे ते कर्करोगाचे निदान होऊनही विडी न सुटलेल्या माणसाशी.

तो म्हणतो, "व्हायचे ते झाले, आता सोडून काय उपयोग?"

उपयोग आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. गाठीत प्राणवायू असेल तर किरणोपचार जास्त लागू पडतात. शस्त्रक्रियेची जखम भरायलाही प्राणवायूच लागतो. धूर बंद केला की एक-दोन दिवसांत तो विषारी वायू रक्तातून निघून जातो. उपचार सुरू असताना विडी सोडली तरी उपचारांना बळ मिळते, दुसरा कर्करोग होण्याचा धोकाही कमी होतो.

पहिला आठवडा जड जातो. चिडचिड होते, झोप उडते. ही निकोटिनची ओढ आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. डॉक्टरांपासून लपवू नका; त्यावर पट्टी आहे, गोळ्या आहेत. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि घरच्यांनो, "तुमच्या विडीनेच हे झाले" असे आजारी माणसाला ऐकवू नका. त्याच्यासमोर स्वतः विडी पेटवली नाही, तरी पुष्कळ झाले.

गणपती बाप्पा मोरया!