बारावीनंतरचे एक वर्ष आणि दंतवैद्यकाची वाट
(देवनार येथील पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वस्तीतील काही मुलामुलींना दंतवैद्य व्हावयाचे आहे. परीक्षेत गुण कमी पडले तर वर्षभर दातांच्या दवाखान्यात नोकरी करून मग प्रवेशाचा अर्ज करावा काय, असे पालक मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. विलायतेतील दंतमहाविद्यालये अर्जदाराने दवाखान्यात काय पाहिले, हे विचारतात. आपल्याकडे तसे नाही. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय असो की सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय असो, बी.डी.एस.ची जागा ‘नीट’ परीक्षेच्या 720 गुणांवरून लागणाऱ्या क्रमांकानेच मिळते. नोकरीचा दाखला त्यात एका गुणाचीही भर घालीत नाही.

मग नोकरी करूच नये काय? करावी, परंतु कशासाठी ते ओळखून करावी. चार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता पत्करण्यापूर्वी रक्त, लाळ आणि रुग्णाचे विव्हळणे आपल्या मुलीस सोसवते काय, हे तीन-चार महिन्यांत कळून येते. खासगी दवाखाने बहुधा सायंकाळी भरतात. तेव्हा सकाळ अभ्यासाला राखावी. पगार आधी ठरवून घ्यावा. कावीळ ‘ब’ची लस अगोदर सुरू करावी, तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पुऱ्या होतात. मदतनिसाने हत्यारे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावीत, केसपेपर लिहावेत, मागितलेली वस्तू हाती द्यावी. नोंदणी नसलेल्याने दात काढू वा भरू नयेत, हा निर्बंध 1948 सालच्या कायद्यापासून आहे. मालकाने रुग्णाच्या तोंडात हात घालावयास सांगितले तर नम्रपणे नकार द्यावा. खटला उभा राहिला तर त्यात मुलाचेही नाव येईल.

शिक्षणात खंड पडणे ही लाजेची गोष्ट नव्हे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली परमपूज्य बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. 1918 साली ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पैसा साठविला आणि 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. परतण्याची वाट त्यांनी आधीच कागदावर बांधून ठेविली होती.

आपलाही कागदच आधी पाहावा लागेल. धर्मांतर 1956 साली झाले, तरी केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हावयास 1990 साल उजाडले. आज सवलत मिळते ती मूळच्या अनुसूचित जातीवरून. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल तर मूळ जात वडील-आजोबांच्या कागदांवरून सिद्ध करावी लागते. (ज्या नावाचा त्याग केला तेच सिद्ध करीत बसावे लागते, याची खंत मलाही आहे, परंतु कायदा आज असा आहे.) 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा येथे मोलाचा ठरतो. देवनारची कित्येक घरे गाव सोडून आलेली. त्यांचा पुरावा गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा तहसील कचेरीतील कोतवाल बुकात पडून असतो. चुलत्याचे वा सख्ख्या भावाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ हलके होते. मुले अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. जागा लागल्यावर धावाधाव करून हे प्रमाणपत्र वेळेवर हाती येईलच असे नाही, आणि ते नसेल तर राखीव जागा हातची जाते. नोकरीच्या वर्षातले पहिले दोन महिने गावाकडच्या फेऱ्यांसाठी मोकळे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खंडाचे प्रतिज्ञापत्रही करून ठेवावे. शिष्यवृत्तीच्या वेळी ते मागतात.

ज्यांच्या घरी आजोबांचा एकही कागद नाही, त्यांनी गाव, तालुका आणि आजोबांचे पूर्ण नाव आजच एका चिठ्ठीवर लिहून काढावे.